घरचे कॅलेंडर चारचौघांत मांडताना

बंगळुरूच्या शिवाजीनगरात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत एक मराठी घर आहे असे समजा. सून घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. नवऱ्याची पाळीची ड्यूटी. सासऱ्यांना दर महिन्याला बाउरिंग हॉस्पिटलात दाखवायला न्यावे लागते. मुलगी बारावीला, दीर न्यू जर्सीला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेले, आणि त्याच्या चौकोनांत दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, गिऱ्हाइकांची नावे, सासऱ्यांच्या गोळ्या असे सगळे बारीक अक्षरात कोंबलेले. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले तेव्हापासून मराठी घरांत ही जागा जणू ठरूनच गेली आहे.

पण भिंतीवरचे कॅलेंडर घरात असणाऱ्यालाच दिसते. “अक्का, माप द्यायला कधी येऊ?” असे विचारणारे फोन दिवसभर येत राहतात, मशीन थांबवून उठावे लागते. मग सुनेच्या मनात येते, आपले कॅलेंडर इंटरनेटवर टाकले तर? गिऱ्हाईक आपले आपण पाहील, दिरालाही घरचे कळेल.

कल्पना चांगली आहे आणि फारशी अवघडही नाही. संगणकांनी एकमेकांची कॅलेंडरे वाचावीत म्हणून १९९८ साली ‘आयकॅलेंडर’ नावाचा नमुना ठरला, २००९ मध्ये तो सुधारला गेला. या नमुन्यातली फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. कार्यक्रम कधी सुरू, कधी संपणार, कशाचा, कुठे, असे ओळीखाली ओळ. ही फाइल वेब होस्टवरच्या आपल्या जागेत ठेवायची आणि तिचा पत्ता ज्याला हवा त्याला द्यायचा. २००२ मध्ये ॲपलच्या ‘आयकॅल’ने ही सोय घरोघरी नेली, २००६ मध्ये गुगलचे कॅलेंडर आले. तरीही स्वतःच्या नावाचा पत्ता हवा, म्हणून होस्टवर जागा भाड्याने घेणारे आजही आहेत.

स्वस्तात मिळते ती सामाईक जागा. ती कशी असते हे चाळीत किंवा बंगळुरूच्या जुन्या वठारात राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. बिऱ्हाडे वेगळी, पण नळ एक आणि जिना एक. एकाच सर्व्हरवर शेकडो लोकांच्या साइट असतात. एखाद्या शेजाऱ्याकडे गर्दी झाली की तुमचे पान हळू उघडते. शेजाऱ्याने दार उघडे टाकले तर चोर जिन्यापर्यंत आलेला असतो, म्हणून आपल्या दाराला कुलूप आपणच लावायचे. चांगला होस्ट बिऱ्हाडांमधल्या भिंती पक्क्या ठेवतो. पण महिन्याला शंभर रुपये वाचवण्यासाठी कुठलाही होस्ट निवडू नये.

बहुतेक घरे चुकतात ती मात्र याच्याही आधी. घाईत सगळे कॅलेंडरच उचलून वर चढवले जाते. त्यात माप देण्याच्या वेळा असतात, तशीच मुलीची क्लासहून परतायची वेळ असते, सासऱ्यांच्या आजाराचे नाव असते आणि ‘सर्वजण बेळगावला, चार दिवस’ हेही असते. म्हणजे घराला कुलूप कधी, मुलगी एकटी कुठल्या रस्त्याने आणि किती वाजता येते, हे आपण स्वतःच्या हाताने लिहून चौकात लावले. कागदी कॅलेंडर निदान स्वयंपाकघरात असते. तिथपर्यंत येणारा माणूस ओळखीचाच असतो.

काही जणी म्हणतील, अशा नोंदींवर ‘खासगी’ अशी खूण करता येते की! येते, पण ती नुसती खूण आहे. फाइलमध्ये ‘खासगी’ हा शब्द लिहिला जातो, नोंद झाकली जात नाही. समोरच्या प्रोग्रॅमने त्या शब्दाचा मान राखला तर राखला. पोस्टकार्डावर ‘इतरांनी वाचू नये’ असे लिहिण्यासारखेच हे आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन कॅलेंडरे ठेवावीत. एक घरचे, ते फक्त घरच्यांना आणि पासवर्ड लावून. दुसरे कामाचे, त्यात ‘मोकळे’ किंवा ‘भरलेले’ एवढेच. कोणाचे ब्लाऊज आणि कोणत्या लग्नाचे, हे तिसऱ्या गिऱ्हाइकाला कळायचे कारण नाही. शिवणकामात गिऱ्हाइकांचीही काही गुपिते असतात.

पासवर्ड न लावता ‘लिंक कोणाला माहीतच नाही’ यावर विसंबणारे पुष्कळ असतात. लिंक व्हॉट्सॲपवर एकीकडून दुसरीकडे जातेच. फाइल ठेवलेल्या फोल्डरची यादी उघडी राहिली असेल, तर लिंकसुद्धा लागत नाही. फोल्डर उघडला की आतल्या सगळ्या फाइली दिसतात. ही यादी बंद करायला होस्टच्या माणसाला एकदा सांगावे. आणि एकदा उघड्यावर गेलेली फाइल नंतर काढली, तरी तिची प्रत कोणाकडे राहिली नसेल अशी खात्री देता येत नाही.

आता शिवाजीनगरची स्वतःची एक अडचण. इथे एकाच गल्लीत तीन प्रकारच्या तारखा नांदतात. सेंट मेरीज बॅसिलिकाची जत्रा ८ सप्टेंबरला ठरलेली, २९ ऑगस्टला झेंडा चढतो आणि तेव्हापासून गर्दी वाढत जाते. ‘दरवर्षी’ असे एकदा लिहिले की संगणक ती नोंद कायम लक्षात ठेवतो. ईद मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, आणि शेवटचा शब्द चंद्रदर्शनाचा. रमजानात संध्याकाळी रसेल मार्केटच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते आणि शिवणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तिसरी आपली तिथी. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी, कारण मराठी आणि कन्नड दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येला संपतो. पण तो दिवस इंग्रजी तारखेला बांधलेला नाही. सासूबाईंच्या श्राद्धाची तिथी ‘दरवर्षी’ म्हणून लिहिली, तर पुढच्या वर्षी ती चुकलीच म्हणून समजावे.

२०१५ साली आयकॅलेंडरमध्ये इतर कालगणनांची सोय झाली. चिनी, हिब्रू, हिजरी अशा पद्धतींनी पुनरावृत्ती सांगता येऊ लागली. त्या यादीत ‘भारतीय’ नावाचे कॅलेंडरही आहे, पण ते म्हणजे मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेले, २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेले राष्ट्रीय सौर कॅलेंडर. त्यात चैत्र आहे, पण प्रतिपदा नाही. शिवाय ही २०१५ ची सोय घरोघरीच्या प्रोग्रॅममध्ये सहसा सापडत नाही. तेव्हा दिवाळी झाली की नवे पंचांग शेजारी घेऊन बसावे आणि वर्षभराच्या तिथी हाताने भराव्यात. तास-दीड तासाचे काम आहे. हे सासऱ्यांकडे सोपवले तर त्यांनाही बरे वाटते.

दिराचे काय? भारतात घड्याळ वर्षभर एकच. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. इथले सकाळचे आठ म्हणजे न्यू जर्सीत हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा. नोंद करताना ‘कोलकाता’ हा वेळेचा विभाग निवडला असेल तर हा हिशोब कॅलेंडर स्वतः करते. निवडला नसेल तर रविवारचा फोन चुकतो आणि “भाऊजी, वाट पाहून पाहून झोपलात का?” असे विचारायची वेळ येते.

गिऱ्हाइकांना लिंक देताना एक गोष्ट आवर्जून सांगावी: फाइल उतरवून घेऊ नका, ‘सबस्क्राइब’ करा. उतरवून घेतलेली फाइल त्या दिवशी होती तशीच राहते. सबस्क्राइब केलेली मात्र पुन्हा पुन्हा आणली जाते, पण तीही लगेच नव्हे. काही प्रोग्रॅम कित्येक तासांनी विचारायला येतात. त्यामुळे सासऱ्यांना अचानक दवाखान्यात न्यावे लागले आणि अकरा वाजताची माप द्यायची वेळ रद्द केली, तर फोन करावाच लागतो.

आणि भाडे. डोमेन आणि होस्ट, दोन्हींचे पैसे बहुधा वर्षाचे असतात. दुकान बंद केले, पैसे भरले नाहीत, तर काही काळाने ते नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. ज्यांनी तुमचे कॅलेंडर सबस्क्राइब केले होते त्यांचे फोन मात्र त्याच पत्त्यावर विचारत राहतात, आणि नवा मालक देईल त्या नोंदी, अगदी खोट्या बक्षिसांच्या जाहिरातीसुद्धा, त्यांच्या फोनवर उमटतात. गिऱ्हाईक समजते, अक्कानेच पाठवले. तेव्हा काम थांबवायचे असेल तर आधी सगळ्यांना लिंक काढून टाकायला सांगावे, आणि चालू ठेवायचे असेल तर भाड्याची तारीख महिनाभर आधीच्या आठवणीसह घरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी. भिंतीवरच्याही, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी.