यक्ष जागचा हलत नाही

जून उजाडला की आमच्या स्टाफरूममध्ये एक विषय हमखास निघतो : यंदाची वर्षासहल कुठे? भिवंडीत राहणाऱ्यांना पर्यायांची वाण नाही. कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाट गाठता येतो. तानसा आणि वज्रेश्वरी तर हाकेच्या अंतरावर. यंदाही अशीच यादी निघाली आणि मी म्हणालो, "दसऱ्यानंतर जाऊ या." एक सहकारी हसून उद्गारले, "वर्षानुवर्षे मेघदूत शिकवणारा माणूस आषाढात बाहेर पडायला नको म्हणतो?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. नंतर सुचले ते असे, की मेघदूत शिकवतो म्हणूनच नको म्हणतो.

मेघदूत हे आपण पावसाळी प्रवासाचे काव्य मानतो. रामटेकशी जोडलेल्या त्या रामगिरीवरून अलकेपर्यंतचा रस्ता, वाटेतल्या नद्या, नगरे आणि शिखरे असा थाट त्यात आहेच. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शान्ता शेळके अशा अनेकांना ते मराठीत आणावेसे वाटले, यात या वाटेचाही वाटा असावा. परंतु त्या वाटेने जातो कोण? मेघ जातो, यक्ष जागचा हलत नाही. त्याच्या शापाचे चार महिने उरले आहेत आणि विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा तो संपणार आहे. म्हणजे यक्षाच्या वियोगाचा शेवटचा भाग हा सरळसरळ चातुर्मास आहे. पावसाळ्यात माणसाने प्रवास करायचा नसतो, म्हणूनच तर ढगाला पाठवावे लागते!

हा एकट्या कालिदासाचा लहरी संकेत नव्हे. वालीवधानंतर रामही पावसाचे महिने प्रस्रवण पर्वतावर काढतो. सीतेचा शोध शरदात सुरू होतो. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत परगावी गेलेला पथिक आणि ढग पाहून त्याची वाट पाहणारी त्याची पत्नी पुन्हा पुन्हा भेटतात. मराठ्यांच्या स्वाऱ्या दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी समुद्रात लोटतात. वारी हा अपवाद खरा. पण ती पंढरपुरी पोचते त्या एकादशीलाच चातुर्मास सुरू होतो.

भिक्षूंच्या वर्षावासाची कथा मला विशेष महत्त्वाची वाटते. विनयपिटकात त्याचे जे कारण दिले आहे ते भिक्षूंच्या सुरक्षिततेचे नाही. पावसात हिंडणारे भिक्षू कोवळी रोपे आणि बारीकसारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून बुद्धाने त्यांना तीन महिने एका जागी राहायला सांगितले. थांबण्यामागे भीती असते तसाच दुसऱ्याच्या शेताविषयीचा आदरही असतो. लावणी चाललेल्या खाचराच्या बांधावर गाडी लावून छायाचित्रे काढणाऱ्यांना ही जुनी तक्रार ऐकवावीशी वाटते.

हे सारे मला आधीपासून उमगले होते असा आव मी आणणार नाही. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये मीच विद्यार्थ्यांना घेऊन माळशेजला गेलो होतो. धुके, धबधबे, भाजलेली कणसे आणि गाणी, सारे यथासांग चालले होते. दुपारी एका विद्यार्थिनीला घरून फोन आला. कामवारी नदीचे पाणी वस्तीत शिरले होते; वडील यंत्रमागावर पाळीला गेलेले, आई एकटी सामान माळ्यावर चढवत होती. परतीच्या वाटेवर ती मुलगी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "सर, सहल दिवाळीनंतर ठेवाल का? तेव्हा घराची काळजी नसते." त्याच आठवड्यात मी वर्गात पावसाच्या कवितेतले 'निसर्गसौंदर्य' शिकवणार होतो. पाऊस ही पाहायची वस्तू आहे असे गृहीत धरून आम्ही मराठीचे शिक्षक शिकवत आलो. तो अंगावर आणि घरावर पडतो, हे आमच्या प्रश्नपत्रिकेत कधी आले नाही.

पाहण्याच्या या सवयीची किंमत आता मोजावी लागते आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. आणि इर्शाळवाडी? इर्शाळगडाच्या वाटेवरची ही ठाकरवाडी गिर्यारोहकांच्या ओळखीची होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. ज्या डोंगराचे हिरवेपण पाहायला आपण जातो, त्याच्या पायथ्याशी कोणीतरी झोपलेले असते.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो मी टाळू इच्छित नाही. महाबळेश्वरची मे महिन्यातली खोली परवडत नाही अशांची सहल म्हणजेच वर्षासहल. धबधब्याला तिकीट नसते. मागावर आठवडाभर राबणारा तरुण एका सुट्टीच्या दिवशी मित्रांसोबत दुचाकीवरून भिजायला गेला, तर त्याला कालिदास ऐकवणारा मी कोण? जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीहुकूम निघतो तोही बहुधा याच फुकटच्या जागांसाठी. रिसॉर्टच्या कुंपणाआडचा कृत्रिम धबधबा चालूच राहतो. हा अन्याय मला मान्य आहे. म्हणून माझे म्हणणे बंदीचे नाही. त्या तरुणाने काय करावे हे मी सांगणार नाही. पण साठ विद्यार्थ्यांची सहल जे आखतात, त्यांच्याकडे दिवस निवडण्याची मोकळीक असते. ती वापरायची की 'जुलैशिवाय मजा नाही' म्हणून मोकळे व्हायचे, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर राबायला आलेली कातकरी कुटुंबे पाऊस तोंडावर आला की आपापल्या पाड्यांवर परततात. त्यांच्यासाठी पावसाळा म्हणजे, कितीही ओढगस्तीचा असला तरी, आपल्या घरी असण्याचा काळ. गाथासप्तशतीतला पथिक मला पुस्तकाबाहेर दिसला तो येथे. आणि आपण मात्र नेमके त्याच दिवसांत घराबाहेर पडतो.

तेव्हा मी विभागापुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. आषाढ शुद्ध प्रतिपदेला कॉलेजातच बसून मेघदूत सलग वाचायचे, मराठी अनुवादांसह. पावसाची चांगली उघडीप मिळाली तर श्रावणात, नाहीतर भाद्रपदात, तालुक्यातल्याच लोनाडच्या बौद्ध लेण्यांत अर्धा दिवस जायचे आणि वर्षावासाची ती कथा तिथे वाचायची. माळशेज दसऱ्यानंतर. धबधबे तोवर बारीक झालेले असतील, हे सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्या मुलीची धाकटी बहीण यंदा आमच्याकडे प्रथम वर्षाला आली आहे, आणि ती लोक अजून त्याच वस्तीत राहतात.