केवडा, थायरॉईड आणि हृदय



ऊस पिवळा पडला की आपल्यातले बरेचजण आधी युरियाच्या पोत्याला हात घालतात. पण चुनखडीच्या रानात केवडा पडतो तो लोह मिळत नाही म्हणून. तिथे युरिया ओतून भागत नाही, हिराकसच द्यावे लागते. हे आम्ही बांधावर उभे राहून वर्षानुवर्षे सांगत आलो. आज तीच गोष्ट माणसाच्या दुखण्याबाबत सांगायची आहे. हा आमचा प्रांत नव्हे, हे कबूल. पण प्लॉट पाहायला गेलो की घरची दुखणीही कानावर येतातच.

गेल्या वर्षी आडसाली लागणीच्या नोंदी घेताना एका सभासदाने घरातून कागद आणून दाखवला. "साहेब, आमच्या मंडळींचा सीआरपी ६ आलाय. हार्टचं म्हणत्यात. आता काय करायचं?" शहरात जाऊन तपासण्यांचे मोठे पॅकेज करून आणले होते. बाई वर्षभर थकलेली, अंग जड, थंडी सोसत नाही, आवाज घोगरा. घरचे म्हणायचे, आळस भरलाय. आम्ही कागद उलटला. मागच्या पानावर टीएसएच ३८! निरोगी माणसाचा तो साधारण ४ च्या आत असतो. सीआरपीच्या भीतीपोटी हा आकडा कुणी पाहिलाच नव्हता.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. अंगात कुठेही दाह असला की ते रक्तात वाढते. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर ते कायम राहिले तर हृदयाला धोका जास्त, असे मानतात. पण साध्या सर्दीने, दुखऱ्या हिरडीने, वाढलेल्या वजनानेही ते चढते. म्हणजे धूर दिसला, आग कुठे लागली ते कळले नाही. थायरॉईड मंदावलेल्या अनेकांत सीआरपी जास्त आढळतो हे खरे. आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते, हे या दुखण्याचे एक मोठे कारण. जपानच्या डॉ. हाशिमोटोंनी १९१२ साली ते प्रथम नोंदवले. म्हणून आयोडीनचे मीठ खाणाऱ्यालाही ते होते.

हृदयाचे खरे नुकसान मात्र दुसऱ्या वाटेने होते. थायरॉक्सिन कमी पडले की यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, रक्तवाहिन्या ताठरतात, खालचा रक्तदाब चढतो. टीएसएच १० च्या वर असणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळतो, हे अनेक देशांतील माहिती एकत्र करून २०१० साली दाखवले गेले. आपल्याकडे आठ शहरांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के प्रौढांची थायरॉईड मंद निघाली, बायकांत प्रमाण अधिक. खेड्यातल्या बाया यातून सुटल्या असतील, असे मानायला जागा नाही.

तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. मोठ्या पॅकेजमागे धावू नका. घरातली बाई सतत थकलेली असेल तर तिला बोल लावण्याआधी टीएसएच करा. तो वाढला असेल तर कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब पाहा. गोळी स्वस्त आहे, पण ती पहाटे उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवायचे. बरे वाटले म्हणून मनाने सोडायची नाही. उलट, म्हातारपणी टीएसएच थोडासाच वाढला असेल तर गोळीची घाई नको. अशा वृद्धांना गोळीने काही विशेष आराम पडत नाही, हे २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसले. जादा डोसाने हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांनाच विचारा.

कारखान्याच्या आरोग्य शिबिरात सभासदांच्या घरच्या महिलांसाठी या तीन तपासण्या ठेवाव्यात, अशी संचालक मंडळाला आमची नम्र सूचना आहे. माती परीक्षणाला आपण पैसे घालतो, मग घरच्या माणसाला का नको?

त्या बाईंची गोळी चालू आहे. कोलेस्टेरॉल उतरले, त्या पुन्हा रानात जातात. सीआरपी काही कुणी परत तपासला नाही, आणि गरजही पडली नाही.

— ऊस विकास अधिकारी