१९४७ मध्ये एक डॉलर म्हणजे एक रुपया? भाषण लिहून देण्याआधी जरा थांबा



आधी माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी १५ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी वर्गातल्या एका मुलीला मी भाषण लिहून दिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एक रुपया एका डॉलरच्या बरोबरीचा होता, आज बघा तो किती खाली गेला!' मुलीने हात वर करून, आवाज चढवून ते म्हटलं. टाळ्या पडल्या. पालकांनीसुद्धा मान डोलावली. ते वाक्य मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं आणि मी ते तपासलं नव्हतं.

ते खोटं आहे. आणि किती खोटं आहे हे पाचवीचं मूलसुद्धा पाटीवर काढू शकतं. इंग्रज सरकारने १९२७ पासून रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स असा बांधून टाकला होता. एका पौंडात तेव्हा २४० पेन्स असत. २४० ला १८ ने भागा, साधारण सव्वातेरा ते साडेतेराच्या मध्ये उत्तर येईल. म्हणजे एक पौंड तेरा रुपयांच्या थोडा वर. त्याच काळात एक पौंड म्हणजे ४.०३ डॉलर. आता १३.३३ भागिले ४.०३ करा. एक डॉलर सुमारे ३ रुपये ३० पैसे, त्या वेळच्या भाषेत तीन रुपये पाच आणे.

चुकीचा आकडा एक वेळ चालेल, दुरुस्त करता येतो. पण त्या वाक्यातून मुलांच्या डोक्यात जे बसतं ते मला जास्त खटकतं. रुपया म्हणजे जणू आपला कबड्डीचा संघ, तो आधी जिंकत होता आणि नंतर नालायक लोकांनी हरवला. मुलं मग विचारतात, 'बाई, आपला रुपया कधी जिंकणार?' रुपया असा जिंकत-हरत नसतो. तो घसरतो त्यामागे कारणं असतात, आणि आपल्या देशापुरतं बघितलं तर त्यातलं एक मोठं कारण पुन्हा पुन्हा येतं, ते म्हणजे युद्ध. कधी आपलं, कधी दुसऱ्याचं. आपण इतिहासात युद्ध शिकवतो आणि गणितात रुपये-पैसे शिकवतो, पण दोन्ही एकत्र कधीच शिकवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शिकवावं, आणि प्राथमिकलाच शिकवावं.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करा, कारण ते हातात धरून दाखवता येतं. कुणाच्या घरी आजीच्या डब्यात भोकाचा पैसा असेल तर मागवून घ्या. १९४३ ते १९४७ या काळातला तो तांबूस, मधोमध मोठं भोक असलेला पैसा. मुलांना वाटतं की दोऱ्यात ओवायला भोक ठेवलंय. तसं नाही हो. युद्धात धातूची टंचाई होती, तांबं बंदुकीच्या गोळ्यांना लागत होतं. आधीचा पैसा पाच ग्रॅमच्या जरासा आत होता, हा जेमतेम दोन ग्रॅमचा. नाव तेच, पैसा.

रुपयाचंही तेच झालं. जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा आणि त्यात १२ पैकी ११ भाग चांदी. १९४० मध्ये फ्रान्स पडल्याची बातमी आली तेव्हा लोकांनी घाबरून चांदीचे रुपये घरात दडवायला सुरुवात केली. सरकारने एक रुपयाची कागदी नोट पुन्हा काढली आणि नाण्यातली चांदी निम्म्यावर आणली. राजाचा चेहरा तोच, चांदी अर्धी. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. १२ पैकी ११, मग १२ पैकी ६, मग शून्य. अपूर्णांकाच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

पण चांदी कमी झाली म्हणून महागाई झाली असं मुलांना सांगू नका, ते अर्धवट होईल. खरी गोष्ट नोटांची आहे. युद्धासाठी ब्रिटिश सरकार हिंदुस्थानातून कापड, ताग, गणवेश, धान्य असं बरंच काही खरेदी करत होतं. त्याचे पैसे लंडनमध्ये आपल्या नावावर पौंडात जमा व्हायचे आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे रुपयांच्या नोटा छापायची. माल युद्धावर जायचा आणि नोटा इथे राहायच्या. १९३९ मध्ये चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या, १९४५ मध्ये त्या ११०० कोटींच्या वर गेल्या. सहा पट! माल काही सहा पट झाला नव्हता, उलट दुकानातला कमीच झाला होता.

त्या काळात, ऑगस्ट १९४३ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते आपले सी. डी. देशमुख, रायगडातल्या महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते गव्हर्नरच्या खुर्चीवर बसले ते वर्ष बंगालच्या दुष्काळाचं होतं. धान्य परवडलं नाही, मिळालं नाही म्हणून लाखो माणसं मेली. मुंबईत रेशनिंग सुरू झालं तेही १९४३ मध्येच. तुम्ही शाळेच्या प्रवेशाला ज्या रेशनकार्डाची झेरॉक्स जोडता ना, त्याचं मूळ तिथे आहे. (मुलांना हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी तिघांनी घरचं रेशनकार्ड दप्तरात घालून आणलं होतं. आयांनी मला फोन केले.)

'सरकार जास्त नोटा छापून सगळ्यांना का देत नाही?' हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. मी त्याला तोंडी उत्तर देणं सोडून दिलंय. गणित पेटीतल्या खोट्या नोटा काढा. पाच गट करा, प्रत्येकाला २० रुपये द्या. दोन मुलांना दुकानदार करा, त्यांच्याकडे दहा पेन्सिली ठेवा आणि लिलाव लावा. अट एकच, सगळे पैसे संपले पाहिजेत. १०० रुपये, दहा पेन्सिली, सरासरी दहा रुपयाला एक जाते. मग सगळं मूळ जागी ठेवा आणि दुसरा डाव सुरू करा. या वेळी लिलावाआधी तुम्ही 'सैन्यासाठी' म्हणून सहा पेन्सिली उचला आणि त्याचे ६० रुपये नव्या नोटांनी द्या. त्या नोटा दुकानदाराने गटांना मजुरी म्हणून वाटायच्या. आता वर्गात १६० रुपये आहेत आणि पेन्सिली चार. पेन्सिल चाळीस रुपयांवर जाते.

माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, 'पण बाई, तुम्ही फुकट कुठे नेल्या? पैसे दिलेत की!' मी काही बोलायच्या आत त्याच्या गटातली मुलगी त्याच्यावर ओरडली, 'अरे पैसे आहेत, पेन्सिल कुठाय?' मला त्या दिवशी पुढे काही शिकवावं लागलं नाही.

१९६६ थोडक्यात सांगितलं तरी चालेल. १९६२ ला चीनशी युद्ध, १९६५ ला पाकिस्तानशी, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. युद्ध झाल्यावर अमेरिकेने मदत रोखली, त्यातच पाऊस दगा देऊन गेला आणि धान्य बाहेरून आणावं लागलं. बाहेरून आणायला डॉलर लागतात आणि डॉलर नव्हते. ६ जून १९६६ ला सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. इथे मुलांना एक फरक सांगायला हवा. रुपयाला दोन बाजारांत मोल असतं. आपल्या बाजारात तो किती तांदूळ आणतो हे एक, आणि बाहेरच्या बाजारात तो किती डॉलर आणतो हे दुसरं. युद्ध बहुतेक वेळा दोन्हीकडे घाव घालतं, पण एकाच दिवशी घालेल असं नाही.

आता आपल्या भागातली गोष्ट. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. हे युद्ध आपलं नव्हतं. पण कुवेतमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते, त्यांत आपल्या कोकणातले आणि मुंबईचेही. त्यांना जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाने मुंबईला आणलं. इराकने कुवेती दिनार आपल्या दिनारच्या बरोबरीचा ठरवला आणि नंतर तो चलनातूनच काढला. ज्याने दहा वर्षं राबून दिनार साठवले होते, त्याच्या पिशवीत आता नुसता कागद. युद्धाने चलन कसं मोडतं हे याहून सरळ कुठे दिसणार?

आणि त्याच युद्धाने आपला रुपयाही वाकवला. तेल महागलं, आखातातून घरी येणारे पैसे आटले. सगळं खापर युद्धावर फोडता येणार नाही, सरकार त्याआधी कित्येक वर्षं उसनवारीवरच खर्च चालवत होतं. घर आधीच उसनवारीवर असेल तर एका आजारपणात ते कोसळतं, तसं झालं. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. महागाईही त्या वर्षी सोळा टक्क्यांच्या वर पोचली. आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं जवळजवळ ४७ टन सोनं विमानाने लंडनला गेलं, तारण म्हणून. मिळाले सुमारे ४० कोटी डॉलर. ते सोनं आपल्या सहार विमानतळावरून गेलं. जोगेश्वरीहून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळून! वर्गात हे सांगितलं की मुलं खिडकीतून विमानांकडे बघायला लागतात. घरातलं मंगळसूत्र गहाण ठेवणं काय असतं हे आमच्या वस्तीतल्या कितीतरी मुलांना माहीत आहे, त्यामुळे 'तारण' हा शब्द मला समजावून सांगावा लागत नाही.

पालकांना माझी खास विनंती आहे. महागाईचं बोलणं मुलांसमोर बंद करू नका. 'पैसे झाडाला लागतात का?' म्हणून गप्प बसवू नका. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा मी चौथीला शिकवत होते. आपल्याकडचं सूर्यफुलाचं तेल बहुतांशी युक्रेनमधून यायचं. खनिज तेल मार्चमध्ये पिंपाला १२० डॉलरच्या वर गेलं. फेब्रुवारीत ७५ च्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबरपर्यंत ८२ रुपयांच्या वर गेला. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई वडापावची गाडी लावते. ती मुलगी म्हणाली, 'मम्मीने वडा छोटा केला, भाव तोच ठेवला.' भोकाच्या पैशाचीच ही गोष्ट, मला तेव्हाच लक्षात आलं.

त्याच बाकावरच्या मुलाचे अब्बू दोहाला आहेत. तो म्हणाला, 'आमच्याकडे तर जास्त पैसे आले. अब्बू रेट वाढायची वाट बघतात, मग पाठवतात.' दोघांचंही बरोबर होतं. रुपया घसरला की एका घरात चार पैसे जास्त येतात आणि शेजारच्या घरात वडा लहान होतो. मग त्या मुलाने जरा विचार करून विचारलं, 'पण तेल तर आम्हीपण घेतो ना, बाई?' हो, घेता.

म्हणून १५ ऑगस्टचं भाषण लिहून देताना ते एक डॉलर-एक रुपयावालं वाक्य काढून टाका. त्या जागी मुलाला घरी विचारायला सांगा, गेल्या वर्षी शंभर रुपयांत काय काय यायचं आणि आता काय येतं. ते त्याच्या शब्दांत बोलू द्या. अडखळेल, टाळ्या कमी पडतील. माझ्या वर्गातली यंदाची मुलगी आजीकडून आणलेला भोकाचा पैसा हातात धरून बोलणार आहे. पाठांतर अजून झालेलं नाही, शेवटच्या दोन ओळी ती दर वेळी वेगळ्याच म्हणते.