पुढे पाठ, मागे सपाट

नववीची वार्षिक परीक्षा संपून आठवडा उलटत नाही तोच मुंबई-पुण्याच्या अनेक घरांतून दहावीचा अभ्यास सुरू होतो. शाळा उघडायची असते जूनमध्ये. परंतु खासगी शिकवण्यांच्या 'व्हेकेशन बॅच' तोपर्यंत थांबायला तयार नसतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात दाटीवाटीने बसलेल्या मुलांपुढे दोन चलांतील रेषीय समीकरणे मांडली जातात, ती हातावेगळी होतात न होतात तो वर्गसमीकरणे येऊन उभी राहतात, आणि शाळेची पहिली घंटा वाजण्यापूर्वी अंकगणिती श्रेढीही 'होऊन' गेलेली असते. पालक भेटले की परस्परांना विचारतात, "तुमच्याकडे पोर्शन किती झाला?" विचारणारी माणसे सुशिक्षित असतात, समंजस असतात, मुलांच्या हिताची अहोरात्र काळजी वाहणारी असतात. मात्र पोर्शन झाला म्हणजे नेमके काय झाले, आणि ज्या मुलाचा तो झाला त्याने तो कोणत्या रीतीने आत्मसात केला, ही चौकशी करण्याची गरज यांपैकी फारच थोड्यांना वाटते. मुलाला तर ती कोणी विचारतच नाही. अशा अभ्यासाला आपल्या भाषेत फार जुने आणि फार नेमके नाव आहे: पुढे पाठ, मागे सपाट.

घाईला आम्ही सरसकट दोष देत नाही. अकरावीचा प्रवेश आणि त्यापुढील अभियांत्रिकीच्या स्पर्धापरीक्षा हे काही पालकांनी कल्पनेने उभे केलेले बागुलबुवा नव्हेत. हुशार मुलाला संथ शिकवणी कंटाळवाणी होते, हेही खरे. पण सगळे विषय सारखीच घाई सोसत नाहीत. इतिहासाचे एखादे प्रकरण कच्चे राहिले तर त्याच्या पुढचे प्रकरण बहुधा तरून जाते. बीजगणितात तशी सवलत नाही. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग करताना मधले पद गाळण्याची खोड आठवीत जडली, तर ती दहावीत पूर्ण वर्ग पद्धतीने समीकरण सोडविताना नेमकी आडवी येते. आपल्या पूर्वसूरींनी या शास्त्राला 'अव्यक्त गणित' म्हटले होते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' रचले, त्यात पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' हे नाव आहे, आणि पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांवरून पडलेली नावे आहेत. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला नाव देऊन ते हाताशी धरायचे, त्याच्यावर बेरीज-वजाबाकी करायची आणि शेवटी त्याला उजेडात आणायचे, ही मनाची एक निराळीच सवय आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगी ती एका उन्हाळ्यात मुरत नाही.

वेगवान वर्गात मुरण्याऐवजी काय घडते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवितात. हात सराईत असतो, एक पायरी दुसरीतून अलगद उलगडत जाते, मुले उतरवून घेतात. "समजलं ना?" या प्रश्नाला "हो सर" असे एकमुखी उत्तर येते. हे उत्तर खोटे नसते, आणि खरी अडचण तेथेच आहे. मुलाला त्या क्षणी खरोखरच समजलेले असते. म्हणजे दुसऱ्याने सोडविलेले उदाहरण त्याला समजलेले असते. घरी जाऊन तो वही उघडतो, तेच उदाहरण पुन्हा वाचतो, पुन्हा समजते, आणि अभ्यास झाला अशा समाधानाने वही मिटतो. त्याच मुलापुढे कोऱ्या कागदावर क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष एवढेच समीकरण ठेवा. तो दोन्ही बाजूंना क्षने भागील, क्ष बरोबर पाच असे लिहून खाली दोन रेघा ओढील, आणि शून्य हेही त्या समीकरणाचे उत्तर होते याची त्याला वार्ताही नसेल. शून्याने भागता येत नाही हा नियम त्याला विचारला तर तो झोपेतही सांगेल. तो नियम येथे आपल्याला अडवीत आहे, एवढे मात्र त्याला फळ्याकडे पाहून कधी दिसलेले नसते.

समजल्याची भावना आणि समजणे यांतले हे अंतर आता केवळ अनुभवी मास्तरांच्या सांगण्यावर अवलंबून राहिलेले नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवत होते, आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. गणिताच्या दृष्टीने याहूनही बोलका प्रयोग रोहरर आणि टेलर यांचा, २००७ सालचा. विषय बीजगणिताचा नव्हता, काही अपरिचित घनाकृतींच्या घनफळांचा होता, आणि विद्यार्थी महाविद्यालयीन होते. पण त्याचा बोध आपल्या दहावीच्या वर्गाला जसाच्या तसा लागू पडतो. एका गटाला एका प्रकारची उदाहरणे संपल्यावर दुसऱ्या प्रकारची, अशा क्रमाने सराव दिला. दुसऱ्या गटाला सगळे प्रकार मिसळून दिले. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, दुसऱ्याची अवघी ६०. शिक्षक, पालक आणि विद्यार्थी या तिघांनीही पहिल्या गटाची पाठ थोपटली असती. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर घसरला होता. दुसरा ६३ वर होता. पुढे २०१५ साली रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या शाळकरी मुलांना आलेख आणि रेषेचा चढ या विषयांवर असाच मिसळलेला सराव दिला. महिन्यानंतरच्या परीक्षेत त्या मुलांना ७४ टक्के गुण मिळाले, तर एकेक प्रकार ओळीने गिरविणाऱ्यांना ४२.

आता आपले पाठ्यपुस्तक उघडून पाहा. २०१८ साली आलेल्या दहावीच्या बीजगणितात पहिल्याच प्रकरणात एकसामयिक समीकरणे सोडविण्याच्या अनेक रीती आहेत, त्यांत आलेख आहे, निश्चयक वापरून करावयाची क्रेमरची रीतही आहे. ज्या सरावसंचावर क्रेमरचे नाव आहे त्यातली सगळी उदाहरणे मुलगा क्रेमरने सोडवितो, आणि सगळी बरोबर येतात. कोणती रीत वापरायची हा प्रश्न त्याला पडलेलाच नसतो, कारण तो पुस्तकाने आधीच सोडविलेला असतो. परीक्षेत माथ्यावरचे ते नाव नाहीसे होते आणि मुलगा म्हणतो, "सर, सगळं येत होतं, ऐनवेळी सुचलं नाही." पाठ्यपुस्तकाच्या कर्त्यांना याची जाणीव नव्हती असे नाही, प्रत्येक प्रकरणाअखेर 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' दिला आहे तो त्याचसाठी. परंतु वेगवान वर्गात बळी जातो तो प्रथम या संकीर्णाचाच. तो 'घरी करा' या सदरात टाकला जातो, आणि घरी तयार उत्तरांचे गाईड असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपण कसा अभ्यास केला, याचा विचार करण्यास मुलाला वर्गातच थोडा वेळ द्यावा. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्शा लव्हेट यांनी यासाठी एक सुटसुटीत रीत रूढ केली. तपासलेली उत्तरपत्रिका परत देताना तिच्यासोबत एक कागद द्यायचा. या परीक्षेची तयारी कशी केली, गुण नेमके कोठे आणि कशामुळे गेले, पुढच्या वेळी काय निराळे करणार, एवढे विद्यार्थ्याने त्यावर लिहायचे. पुढच्या परीक्षेपूर्वी तोच कागद त्याच्या हाती परत द्यायचा. यात नवे असे काय, असे कोणी विचारील. नवे काहीच नाही. गणितज्ञ पोल्या यांनी १९४५ सालच्या आपल्या 'हाउ टु सॉल्व्ह इट' या पुस्तकात उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्यांतली शेवटची मागे वळून पाहण्याची होती. आपल्या वर्गांतून जी पायरी हमखास गाळली जाते, तीही हीच.

मुलांना असे लिहायला सांगितले की प्रथम काय वाचावयास मिळेल, हे आम्ही आजच सांगून ठेवतो. निम्म्या कागदांवर 'सिली मिस्टेक' हे दोन शब्द असतील. या दोन शब्दांनी आपल्या मुलांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे अवघड प्रश्नपत्रिकांनीही केले नसेल. वजाचे चिन्ह एकदा चुकले तर ती नजरचूक. पाच उदाहरणांत पाच वेळा चुकले तर तो समजुतीतला दोष. 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हा मंत्र मुलाने पाठ केलेला असतो. आपण दोन्ही बाजूंतून एकच राशी वजा करीत आहोत, हे त्याला कोणी दाखविलेले नसते, किंवा दाखविले तेव्हा तास संपत आला होता. मग गुणाकाराची राशी दुसऱ्या बाजूला नेतानाही तो इमानेइतबारे चिन्ह बदलतो. 'सिली मिस्टेक' म्हटले की घरात सर्वांचे समाधान होते: बुद्धी शाबूत, फक्त लक्ष नव्हते. पुढचा प्रश्न खुंटतो. शिक्षकाने त्या कागदावर एवढेच लिहावे की, 'ही चूक कितवी?' मुलगा मागची पाने उलटून मोजू लागला की त्याचा खरा अभ्यास सुरू झाला.

या सूचनेला एक मोठा धोका आहे आणि तो आमच्या शिक्षणखात्याच्या प्रकृतीतच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मूल्यमापनाला जागा द्यावी असे म्हटले आहे. धोरण स्तुत्य आहे. परंतु चांगल्या कल्पनेचा तक्ता करायचा, तक्त्याला रकाने पाडायचे, रकान्यांना गुण लावायचे आणि ते गुण सर्वांना सारखेच वाटून टाकायचे, ही कला आपण केव्हाच हस्तगत केली आहे. प्रकल्पवह्यांचे काय झाले, हे ज्या पालकांनी रात्री जागून त्या स्वतः सजविल्या त्यांनी आम्हांस सांगण्याची गरज नाही. आत्मपरीक्षणाला एक जरी गुण ठेवला, तरी 'मी वेळेचे नियोजन करीन व नियमित सराव करीन' हे वाक्य राज्यभर एकाच वळणाने लिहिले जाईल आणि त्याचा नमुना बाजारात पंचवीस-तीस रुपयांना मिळू लागेल. ज्या कागदावर मुलाने 'मला हे येत नाही' असे लिहावयाचे आहे, त्यावर गुण असता कामा नयेत, आणि तो कागद पालकसभेत फडकविलाही जाऊ नये.

"आमच्याकडे एवढा वेळ कोठे आहे?" असे वर्गचालक म्हणतील, शाळाही म्हणतील. वेळ नाही तो कशामुळे, हे त्यांनीच एकदा मोजून पाहावे. उन्हाळ्यात 'झालेले' प्रकरण शाळेत दुसऱ्यांदा होते, दिवाळीत 'रिव्हिजन' म्हणून तिसऱ्यांदा, आणि परीक्षेच्या तोंडावर चौथ्यांदा. एवढे सगळे करायला वेळ आहे. मग मूल कोठे अडले, हे पहिल्याच खेपेस विचारायला तो का नसावा?

आम्हांला चिंता वाटते ती गुणांची नव्हे. जो मुलगा किंवा जी मुलगी अशा वर्गात मागे पडते, ती वर्गाच्या वेगाला दोष देत नाही, अभ्यासाच्या रीतीलाही देत नाही. तिला दुसरी रीत असते हेच ठाऊक नसते. शेजारच्या बाकावरचे हात भराभर चालताना ती पाहते आणि पंधराव्या वर्षी स्वतःपुरता निकाल लावून टाकते: गणित माझा प्रांत नाही. या निकालावर पुढे अकरावीची शाखा ठरते, त्या शाखेवर व्यवसाय ठरतो. घरी विचारणारे कोणी असेल, मोठी ताई अभियांत्रिकीला असेल, तर हा निकाल फिरतो. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, क्लासची फी हप्त्याने भरून शिकणाऱ्या मुलीचा तो बहुधा फिरत नाही. आपण पुन्हा पुन्हा वाचले, पण एकदाही पुस्तक मिटून सोडविले नाही, हे तिला कोणी वेळेवर दाखवून दिले असते, तर तिने स्वतःच्या बुद्धीऐवजी आपल्या सवयीवर ठपका ठेवला असता. सवय पंधराव्या वर्षी बदलता येते.

साठ मुलांच्या वर्गात साठ कागद, प्रत्येकी एक मिनिट धरले तरी शिक्षकाचा एक तास जातो. पंधरवड्यातून एवढा एक तास त्याला मिळवून देणे हे मुख्याध्यापकांचे आणि त्यांच्याही वरच्या सरकारचे काम आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळता इतर शिक्षणबाह्य कामांना शिक्षकाला जुंपण्यास मनाई केली आहे. ते कलम अक्षरशः पाळले गेले तर हा तास कोठून काढावा, हा प्रश्न पुष्कळशा शाळांत उरणार नाही. खासगी वर्गांना तेही निमित्त नाही. त्यांचे वेळापत्रक त्यांच्याच हाती आहे. आणि पोर्शन किती झाला हे सांगणाऱ्या त्यांच्या जाहिरातींत, महिन्यामागून मुलांना त्यातले किती उरते हे सांगणारी एक ओळ पुढील वर्षी आम्ही शोधणार आहोत.