फेझंटची पंगत

अमेरिकेतल्या मिनेसोटा, आयोवा, साउथ डकोटा या राज्यांच्या लहान गावांत फेब्रुवारी ते एप्रिल हा मेजवान्यांचा मोसम असतो. शिकारीचा हंगाम उरकलेला असतो, पेरणीला अवकाश असतो आणि शेतांवर अजून बर्फ असते. अशाच एखाद्या शनिवारी संध्याकाळी गावच्या सभागृहात माणसे तिकीट काढून जेवायला जमतात. निमित्त असते फेझंट नावाच्या पक्ष्याचे. ताटात मात्र फेझंट सहसा नसतो, कारण रानात मारलेला पक्षी बाजारात विकायला तिथे बंदी आहे. ताटात गोमांस किंवा कोंबडी, आणि फेझंट भिंतीवरच्या चित्रांत, बक्षिसांच्या टेबलावर, गप्पांत. जेवण उरकता उरकता सोडती निघतात, लिलाव होतात. या एका संध्याकाळी जमलेल्या पैशातून वर्षभर त्या भागात गवत पेरले जाते, पाणथळ जागा राखल्या जातात, क्वचित जमीनही विकत घेतली जाते.

फेझंट हा मोर, तितर आणि लावा यांच्याच कुळातला. नराच्या गळ्यात पांढरे कडे, अंगावर तांबूस-सोनेरी पिसे, लांबलचक शेपूट. मादी मातकट, गवतात बसली की दिसू नये अशी. मूळचा तो चीनकडचा. शांघायमधले अमेरिकेचे वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१ साली काही पक्षी जहाजाने ऑरेगनला धाडले. तिथल्या विलामेट खोऱ्यात ते रुजले आणि पुढे धान्य पिकवणाऱ्या राज्यांत ठिकठिकाणी सोडले गेले. साउथ डकोटाने तर १९४३ साली त्याला राज्यपक्षी केले. बाहेरून आलेल्या पाहुण्याला घरधन्याचा मान मिळाल्याचे असे उदाहरण विरळाच. १९४०च्या दशकाच्या मध्यावर त्या एका राज्यात फेझंटची संख्या दीड कोटीच्या वर गेल्याचा अंदाज सांगितला जातो.

मग ते घटले, आणि दोष बंदुकीचा नव्हता. बहुतेक राज्यांत फक्त नर मारायची मुभा असते; एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून काही नर कमी झाल्याने पुढच्या वर्षीची पिल्ले कमी होत नाहीत. घट झाली ती गवताची. मादी जमिनीवर, उंच गवताच्या आडोशाला दहा-बारा अंडी घालते आणि साधारण तेवीस दिवस उबवते. नेमक्या त्याच दिवसांत चाऱ्यासाठी गवत कापणारे यंत्र शेतात फिरते. त्यातून वाचून जून महिन्यात बाहेर पडलेली पिल्ले पहिले काही आठवडे जवळजवळ निव्वळ किड्यांवर जगतात, म्हणजे गवतात फुले हवीत आणि फुलांवर किडे हवेत. पुढे हिवाळ्यात वारा आणि बर्फ अडवायला पाणकणसाची दाट दलदल लागते. बांधापासून बांधापर्यंत मका आणि सोयाबीन पेरले की यातले काहीच उरत नाही. १९५६ साली अमेरिकी सरकारने जमीन पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला देण्याची योजना आणली, तेव्हा फेझंट वाढले. साठच्या दशकात तिचे करार संपत गेले, सत्तरच्या दशकात धान्याच्या निर्यातीचा जोर वाढला, नांगर पुन्हा फिरला आणि पक्षी पुन्हा आटले.

या टप्प्यावर एक वृत्तपत्रीय सदर कामी आले. सदरांनी जग बदलल्याचे दाखले फारसे नाहीत, म्हणून हा मुद्दाम नोंदवायचा. मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या 'पायोनियर प्रेस' या दैनिकात शिकार आणि मासेमारीवर लिहिणारे डेनिस अँडरसन यांनी १९८२ साली लिहिले की फेझंटसाठी शिकाऱ्यांनीच संघटना काढावी आणि शिकारीच्या परवान्यासोबत एक खास शुल्कतिकीट घ्यायला लावून त्याचा पैसा अधिवासावर खर्चावा. त्याच वर्षी 'फेझंट्स फॉरेव्हर' ही संस्था स्थापन झाली. १९८३च्या वसंतात तिची पहिली मेजवानी सेंट पॉलमध्ये पार पडली आणि शुल्कतिकिटाचा कायदाही त्याच वर्षी मिनेसोटात झाला. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. २००५ साली लाव्यांसाठी तिने 'क्वेल फॉरेव्हर' ही जोडसंस्था काढली.

शिकाऱ्यांच्या पैशाने पक्षी राखण्याची कल्पना अर्थात जुनी. 'डक्स अनलिमिटेड' ही बदकांसाठीची संस्था १९३७ सालची. तेव्हा मोठा दुष्काळ होता, आणि अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना मिळणाऱ्या बदकांपैकी पुष्कळशी कॅनडाच्या सपाट प्रदेशातल्या तळ्यांवर अंडी घालत. अमेरिकेचा सरकारी पैसा परदेशात खर्च करता येत नव्हता, म्हणून खासगी संस्था काढून वर्गणी सीमेपलीकडे पाठवली गेली. १९३८ साली मॅनिटोबातल्या बिग ग्रास दलदलीवर तिचे पहिले काम उभे राहिले. बदक स्थलांतरी, म्हणून त्याच्यासाठी दिलेला पैसाही स्थलांतरी. न्यू यॉर्कच्या माणसाने दिलेला डॉलर मॅनिटोबाच्या चिखलात पडला, तरच त्याचा उपयोग.

फेझंट याच्या अगदी उलट, घरकोंबडा. जिथे अंड्यातून बाहेर पडला त्या जागेपासून मैल-दोन मैलांच्या आतबाहेर त्याचा बहुतेक जन्म जातो. एका काउंटीतले गवत गेले तर शेजारच्या काउंटीतले फेझंट उठून तिथे येत नाहीत, आणि गवत आले तर त्याचा लाभही तिथल्याच पक्ष्यांना होतो. 'फेझंट्स फॉरेव्हर'ची घटना याच स्वभावावर बेतलेली दिसते. सभासदत्वाची वर्गणी मध्यवर्ती कार्यालयाकडे जाते. सोडत, लिलाव, देणग्या यांतून जमलेली बाकीची रक्कम कशावर खर्चायची, हे मात्र ती जमवणारी शाखाच ठरवते. शाखा म्हणजे साधारण एक काउंटी. आपल्याकडच्या तालुक्याएवढी म्हणता येईल. गणेशमंडळाची वर्गणी फाडणाऱ्याला या व्यवस्थेतले मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ज्याच्याकडून पैसे घेतले तो उद्या रस्त्यात भेटून विचारणार, की त्या पैशाचे काय केले? शाखेला त्याला गाडीत घालून जागा दाखवता येते.

शाखा चालवतात ती बिनपगारी माणसे: शेतकरी, शिक्षक, बियाण्यांचा दुकानदार, बँकेतला कर्मचारी. मेजवानीची तयारी काही महिने आधी सुरू होते. सभागृह ठरवायचे, टेबले विकायची, दुकानदोदुकानी हिंडून वस्तू मागायच्या. तिकिटातच वर्षाचे सभासदत्व धरलेले असते, त्यामुळे जेवायला आलेला माणूस आपोआप सभासद होतो. तिकिटातून उरते थोडेच. खरी कमाई जेवणानंतरची. एका बाजूला मूक लिलाव असतो: वस्तूपुढे कागद ठेवलेला, ज्याने त्याने आपला आकडा लिहायचा आणि शेजाऱ्याने तो खोडून वर काय लिहिले ते तासाभराने पाहून यायचे. दुसरीकडे सोडती. शेवटी उघडा लिलाव, ज्यात चित्रकारांनी काढलेली पक्ष्यांची मर्यादित प्रतींची चित्रे, शिकारीच्या सहली, शॉटगन आणि कधीकधी शिकारी कुत्र्याचे पिल्लू. पिल्लू हातांवर घेऊन टेबलाटेबलांतून फिरवले की बोली चढते, हे अनुभवी कार्यकर्त्यांना पक्के ठाऊक असते. आपल्याकडे जत्रेत देवाच्या नारळाची बोली लागते तेव्हा नारळाचा बाजारभाव कोणी विचारत नाही. इथेही वस्तू निमित्तमात्र असते आणि चढी बोली ही चारचौघांत दिलेली देणगी. कायदाही ते ओळखतो. वस्तूच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त दिलेली रक्कम करातून वजावटीसाठी दाखवता येते. सोडतीच्या तिकिटाला ती सवलत नाही, कारण सरकारच्या लेखी तो जुगार. सोडतीत बंदूक लागली तर ती परवानाधारक विक्रेत्यामार्फत, विजेत्याची पार्श्वभूमी तपासूनच हाती पडते.

एका शाखेची कमाई जमिनीच्या भावापुढे मोठी नसते. ती वाढते जोड-अनुदानाने. बंदुका आणि काडतुसांवर अमेरिकेत केंद्रीय कर आहे. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर तो अकरा टक्के. १९३७च्या कायद्याने हा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो, तो अशा अटीवर की प्रत्येक तीन डॉलरला राज्याने आपला एक डॉलर घालावा. हा चौथा डॉलर कधी संस्थांच्या देणगीतूनही उभा राहतो. पाणथळ जागांसाठीच्या १९८९च्या कायद्यात निम्मा वाटा स्थानिकांनी आणायचा असतो. मिनेसोटाच्या मतदारांनी २००८ साली स्वतःवरच विक्रीकर वाढवून घेतला, तीन अष्टमांश टक्का, पंचवीस वर्षांसाठी. त्याचा एक तृतीयांश भाग अधिवासाला राखलेला. ही सगळी दारे उघडायला हातात आधी थोडी रोख लागते, आणि ती मेजवानीतून येते. शाखेच्या डॉलरचे मोल त्याच्या आकड्यापेक्षा जास्त असते ते यामुळे.

खर्च कशावर, हा वादाचा विषय राहिला आहे. सर्वांना पटणारी आणि सर्वांत निरुपयोगी कल्पना म्हणजे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी आणून सोडणे. लोकांना पेटीतून उडणारा पक्षी दिसतो, टाळ्या पडतात. काही आठवड्यांत त्यातले बहुतेक कोल्ह्यांच्या आणि ससाण्यांच्या पोटात जातात. संस्थेने अशा खर्चाला नेहमीच नापसंती दाखवली आहे. बियाण्यावर पैसा घालणे दिसायला नीरस, पण तोच कामाचा: प्रेअरीतली, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांतली, मूळची उंच गवते आणि सोबत रानफुले. काही शाखा पेरणीयंत्र विकत घेऊन शेतकऱ्यांना वापरायला देतात. हिवाळ्यासाठी मका किंवा ज्वारीचे लहान तुकडे न कापता उभे ठेवले जातात. पूर्वी झाडेही हौसेने लावली जात. आता उघड्या गवताळ भागात उलट ती तोडली जातात, कारण एकाकी झाड म्हणजे शिकारी पक्ष्याला टेहळणीची जागा. झाड लावणे म्हणजे निसर्गसेवा असे मनात बसलेल्या वाचकाला हे खटकेल. महाराष्ट्रातल्या माळरानांवर सरसकट वृक्षारोपण करू नका, असे तितर, धाविक आणि माळढोक यांच्यासाठी अभ्यासक सांगतात, ते याच जातीचे आहे.

महाराष्ट्राशी तुलना एवढ्यावर थांबते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने आपल्याकडे शिकारीचा मार्ग बंद झाला, आणि त्याबरोबर परवान्याचा व शिकाऱ्याच्या वर्गणीचाही. सोलापूरजवळचे नान्नज आणि परिसरातले माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले ते सरकारी निर्णयाने, आणि त्याचा सांभाळही मुख्यतः सरकारी पैशावर.

जमीन खरेदी हे 'फेझंट्स फॉरेव्हर'चे सर्वांत ठळक काम. विकायला स्वखुशीने तयार असलेल्या मालकाकडून जमीन घ्यायची, गवत आणि पाणी पूर्ववत करायचे आणि ती राज्याच्या किंवा केंद्राच्या वन्यजीव खात्याच्या नावे करायची. पुढे ती कोणालाही फुकट फिरायला आणि हंगामात शिकारीला खुली. शाखेचे नाव उरते ते हद्दीवरच्या एका पाटीपुरते. सगळ्यांनाच हे गोड वाटत नाही. शेत वाढवू पाहणाऱ्या तरुण शेतकऱ्याला लिलावात आणखी एक प्रतिस्पर्धी भेटतो. जमीन सरकारजमा झाली की काउंटीला तिच्यावरचा मालमत्ता कर मिळत नाही, आणि राज्य त्याबदली जी रक्कम देते ती पुरेशी आहे का यावर खडाजंगी होते. ही तक्रार पोकळ नाही. शाळा आणि रस्ते त्याच करातून चालतात.

आणि हे सगळे मिळूनही धान्याच्या भावापुढे किती टिकते? १९८५च्या शेतकी कायद्याने नवी राखीव जमीन योजना आणली: दहा ते पंधरा वर्षांच्या करारावर शेतकऱ्याने नाजूक जमिनीत गवत ठेवायचे, सरकारने भाडे द्यायचे. २००७ साली या योजनेखाली सुमारे तीन कोटी सत्तर लाख एकर जमीन होती. मग इथेनॉलमुळे मक्याचे भाव चढले, शेतकऱ्यांनी मुदत संपलेले करार पुन्हा केले नाहीत, आणि २०१४च्या कायद्याने कमाल मर्यादाच दोन कोटी चाळीस लाख एकरांवर आणली. एवढे गवत भरून काढणे कुठल्याही मेजवानीच्या आवाक्यातले नाही. म्हणून संस्थेने वॉशिंग्टनमध्ये शेतकी कायद्यासाठी पाठपुरावा चालवला आणि २००३ पासून असे जीवशास्त्रज्ञ नेमले, जे शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कुठल्या तुकड्यात पीक परवडत नाही आणि तिथे कोणती सरकारी योजना बसते याचा हिशेब मांडून देतात. त्यांच्या पगारातही काही ठिकाणी शाखांचा वाटा असतो.

देणाऱ्यांची संख्याही घटते आहे. २०१६च्या केंद्रीय पाहणीत अमेरिकेत शिकार करणारे सुमारे एक कोटी पंधरा लाख निघाले, पाच वर्षांपूर्वीपेक्षा वीस लाखांहून कमी. मेजवानीला येणाऱ्यांचे केस पांढरे होत चालले आहेत, हे शाखांच्या बैठकीतले नेहमीचे बोलणे. म्हणून मुलांसाठी स्वस्त तिकिटे, नवख्यांना सोबत घेऊन शिकवण्याच्या शिकारी, आणि ज्यांना बंदुकीत रस नाही पण फुलपाखरांत आणि मधमाश्यांत आहे अशांना गवतातली रानफुले दाखवण्याचे प्रयत्न चालतात.

पेरलेले गवत लगेच दिसत नाही. पहिल्या वर्षी तुकडा तणाने माजलेला दिसतो आणि शेजारी नावे ठेवतात, कारण प्रेअरीतली गवते आधी खाली मुळे सोडतात आणि मग वर येतात. तिसऱ्या उन्हाळ्याच्या सुमाराला ती माणसाच्या कमरेला लागतात आणि मादीला बसण्याजोगी होतात. त्यानंतरही दर काही वर्षांनी, वारा बघून, वसंतात तो तुकडा जाळावा लागतो. नाहीतर जुन्या काडाचा थर साचून पिल्लांना आतून चालता येत नाही आणि झुडपे शिरतात. जाळायला प्रशिक्षित माणसे लागतात, पाण्याचे पंप लागतात, विमा लागतो. हा खर्चही शाखेच्या त्याच खात्यातून होतो.