झेंडा एकच, फोटो चार : राष्ट्रध्वजाच्या छायाचित्रात देशप्रेम नेमकं कुठे असतं?

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आपल्या फोनवर तिरंग्याच्या फोटोंचा पाऊस पडतो. त्यातला एखादा फोटो मात्र वादात सापडतो. झेंडा तोच, पण त्याच्या शेजारचं दृश्य बघवत नाही. मग कमेंटमध्ये भांडण सुरू : हे देशप्रेम की देशाची बदनामी?

अमेरिकेत हा प्रश्न फार आधीपासून विचारला जातोय. तिथले चार गाजलेले फोटो पाहिले की वाद कशावरून होतो, हे कळायला मदत होते.

सगळ्यांना आवडलेला फोटो

२३ फेब्रुवारी १९४५. जपानच्या इवो जिमा बेटावर सहा अमेरिकी मरीन सैनिक सुरिबाची डोंगरावर झेंडा उभारत होते. असोसिएटेड प्रेसचे जो रोझेन्थल यांनी तो क्षण टिपला. फोटोला पुलित्झर पुरस्कार मिळाला, युद्धकर्जाच्या पोस्टरवर तो झळकला आणि १९५४ मध्ये आर्लिंग्टनला त्यावरून भव्य स्मारक उभं राहिलं.

फोटोत विजय दिसतो. पण लढाई त्यानंतरही महिनाभर चालली आणि फोटोतले तिघे त्याच बेटावर मारले गेले. तो त्या दिवशीचा दुसरा झेंडा होता. आधीच्या लहान झेंड्याच्या जागी मोठा लावला जात होता. सहा जण नेमके कोण, याची नोंद मरीन कोअरला २०१६ आणि २०१९ मध्येही दुरुस्त करावी लागली. फोटो खरा होता, पण तो पूर्ण गोष्ट सांगत नव्हता.

झाडू आणि झेंडा

त्याआधी, १९४२ मध्ये, गॉर्डन पार्क्स हे कृष्णवर्णीय छायाचित्रकार वॉशिंग्टनमध्ये एका सरकारी खात्यासाठी काम करत होते. त्यांनी सरकारी इमारतीत सफाई करणाऱ्या एला वॉटसन यांना भिंतीवरच्या झेंड्यासमोर उभं केलं. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला मॉप. नाव पडलं 'अमेरिकन गॉथिक'.

देश तेव्हा स्वातंत्र्यासाठी लढत असल्याचं सांगत होता आणि राजधानीतच वर्णभेद होता. या फोटोतून झेंडा काढला, तर उरतो एका सफाई कामगार महिलेचा फोटो. झेंडा असल्यामुळे तो प्रश्न बनतो : हे वचन माझ्यासाठीही आहे ना?

चेहरा झाकणारा झेंडा

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले रॉबर्ट फ्रँक १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरले. हजारो फोटोंमधून त्यांनी 'द अमेरिकन्स' या पुस्तकासाठी ८३ निवडले. पहिल्याच फोटोत न्यू जर्सीतल्या होबोकनची मिरवणूक आहे, पण मिरवणूक दिसतच नाही. खिडकीत दोन बायका आहेत आणि फडकणाऱ्या झेंड्याने एकीचा चेहरा झाकलाय. १९५९ मध्ये पुस्तक अमेरिकेत आलं तेव्हा ते देशविरोधी असल्याची टीका झाली. आज ते छायाचित्रणातल्या सर्वांत महत्त्वाच्या पुस्तकांपैकी एक मानलं जातं.

झेंड्याचं शस्त्र

५ एप्रिल १९७६. शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळांत पाठवण्याला बोस्टनमध्ये विरोध सुरू होता. आंदोलक गोऱ्या तरुणाने झेंड्याची काठी टेड लँड्समार्क या कृष्णवर्णीय वकिलावर रोखली आणि स्टॅनली फॉर्मन यांनी फोटो घेतला. त्यालाही पुलित्झर मिळाला.

पण इथेही एक मेख आहे. फोटोत काठी भाल्यासारखी भोसकली जातेय असं वाटतं. प्रत्यक्षात ती आडवी फिरवली गेली होती आणि लँड्समार्क यांचं नाक आधीच्या मारहाणीत मोडलं होतं. हल्ला खराच होता, फक्त तो फोटोत दिसतो तसा नव्हता.

मग आपल्याकडे?

होमाई व्यारावाला यांनी १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर पहिल्यांदा फडकलेला तिरंगा टिपला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या छायाचित्रकार तेव्हा त्या क्षेत्रात जवळजवळ एकट्याच स्त्री होत्या. सामान्य नागरिकाला वर्षभर तिरंगा लावण्याची मोकळीक मात्र २००२ च्या ध्वजसंहितेनंतर मिळाली. सन्मानाने तिरंगा फडकवणं हा मूलभूत अधिकार असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं. २०२२ च्या 'हर घर तिरंगा' मोहिमेत तर झेंड्यासोबतचा सेल्फी हाच उत्सवाचा भाग झाला.

म्हणजे झेंड्याचा फोटो काढणारे आता आपण सगळेच आहोत. ध्वजाचा अपमान कायद्याने गुन्हा आहे आणि तो असायलाही हवा. पण झेंड्याखाली उभ्या माणसाची अडचण दाखवणं हा झेंड्याचा अपमान नाही. पार्क्स यांनी झेंडा नाकारला नव्हता, त्यांनी त्याच्याकडे दाद मागितली होती.

त्यामुळे पुढच्या वेळी असा फोटो समोर आला, की शेअर किंवा रिपोर्ट करण्याआधी तीन गोष्टी बघा : तो कधी आणि कुठे काढलाय, चौकटीबाहेर काय घडत होतं आणि आपल्याला राग झेंड्याच्या अवस्थेचा आलाय की त्या माणसाच्या अवस्थेचा.