तीस मीटरांची सनद

हौसेखातर समुद्रात उतरू इच्छिणाऱ्या माणसाला स्कूबा डायव्हिंग शिकवून जगभरच्या संस्था जे दाखले देतात, त्यांतील प्रत्येकाशी खोलीचा एकेक आकडा जोडलेला असतो; आणि दाखला हाती पडताच नवशिक्याची अशी समजूत होते की, तेवढ्या पाण्याचा मुलूख आता आपल्या नावे झाला. या आकड्यांविषयी माझी काही तक्रार नाही. ते विचारपूर्वक ठरवलेले आहेत आणि त्यांच्या पाठीशी शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. माझा आक्षेप आहे तो एका आकड्यावरून दुसऱ्यावर माणसाला ज्या सवलतीच्या पूर्वअटींवर चढवले जाते, त्यांना.

सर्वांत प्रसृत पद्धती ‘पॅडी’ या १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थेची. तिचा ‘ओपन वॉटर’ हा पहिला पूर्ण दाखला १८ मीटरपर्यंतचा, त्यावरील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ ३० मीटरपर्यंतचा आणि खोल बुडीचे स्वतंत्र शिक्षण घेतलेल्यास ४० मीटरपर्यंतचा. तेथे हौशी पाणबुड्याची सरहद्द संपते. (१८ हा आकडा चमत्कारिक वाटतो खरा, पण मूळ हिशेब ६०, १०० आणि १३० फुटांचा आहे, हे कळले की त्याचा उलगडा होतो.) पहिल्या दाखल्याच्या अटी अगदीच सौम्य: वयाची दहा वर्षे पूर्ण असावीत, आणि बारा वर्षांखालील मुलांनी १२ मीटरपलीकडे जाऊ नये, प्रकृतीविषयीच्या प्रश्नावलीत एखादेही उत्तर शंकास्पद असल्यास डॉक्टरांची संमती आणावी, वेळेचे बंधन न ठेवता २०० मीटर पोहून दाखवावे, दहा मिनिटे तरंगून दाखवावे, आणि तलावातील पाठ संपल्यावर खुल्या पाण्यात प्रशिक्षकासोबत चार बुड्या माराव्यात.

आता खोलीच्या मर्यादा का हव्यात ते पाहू, कारण पुढील सारा वाद त्यावरच उभा आहे. दर दहा मीटरांमागे एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे तीस मीटरांवर शरीरावर चार वातावरणांचा भार असतो, आणि पृष्ठभागावर जी हवा तासभर पुरली असती ती तेथे पाव तासात संपते. घाबरलेला माणूस तर याहूनही वेगाने श्वास ओढतो. शिवाय त्या दाबाखाली नत्रवायू रक्तात आणि स्नायूंत विरघळत राहतो. त्याला हळूहळू बाहेर पडण्यास अवसर न देता माणूस घाईने वर आला, तर त्याचे बुडबुडे सांध्यांत, प्रसंगी मज्जारज्जूतही अडकतात. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली यासंबंधीची पहिली शास्त्रीय कोष्टके प्रसिद्ध केली, आणि आजच्या पाणबुड्यांच्या मनगटी संगणकांतील गणित त्याच कुळातले आहे. पॅडीच्या कोष्टकाप्रमाणे १८ मीटरांवर पहिल्या बुडीत ५६ मिनिटे राहता येते. ३० मीटरांवर हीच मुदत २० मिनिटांवर येते आणि ४० मीटरांवर ती दहा मिनिटांच्याही आत उरते. त्याच सुमारास, म्हणजे तीस मीटरांच्या आसपास, नत्रवायूची गुंगी चढू लागते आणि तिचा अंमल असा की, ज्याच्यावर तो बसतो त्यालाच तो सहसा कळत नाही. हवा किती उरली हे पाहण्याचे भान नेमके तेथे सुटावे, जेथे ती सर्वांत वेगाने सरत असते! आणि मिनिटाला नऊ-दहा मीटर या सुरक्षित गतीने वर यायचे, तर तीस मीटरांवरून किमान तीन मिनिटे लागतात; पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबण्याचा जो संकेत आहे, तो वेगळाच.

असे असता या तीस मीटरांची सनद मिळण्यास काय लागते? पहिला दाखला, आणि त्यावर आणखी पाच बुड्या, ज्यांत एक खोल बुडी आणि एक दिशाज्ञानाची बुडी अनिवार्य असते. दोन अभ्यासक्रमांच्या दरम्यान स्वतःच्या जबाबदारीवर अमुक इतके दिवस पाण्यात काढलेले असावेत, अशी अट नाही. सोमवारी ज्याने पहिल्यांदा तोंडात रेग्युलेटर धरला, तो गृहस्थ सुटी संपण्यापूर्वी, अवघ्या नऊ बुड्यांच्या शिदोरीवर, आपल्याइतक्याच कच्च्या जोडीदाराचा हात धरून तीस मीटरांवर जाण्यास कागदोपत्री पात्र ठरतो. गंमत अशी की, मोजदाद कशी करावी हे याच संस्थेला उत्तम अवगत आहे: ‘डाइव्हमास्टर’ होऊ इच्छिणाऱ्याकडून ती आरंभीच चाळीस आणि दाखला देताना साठ बुड्यांची नोंद मागते. दुसऱ्याचा जीव हाती सोपवताना जी नोंदवही तपासावीशी वाटते, ती माणूस स्वतःचा जीव घेऊन खोलात निघाला असता का तपासू नये?

यावर प्रशिक्षकांचा खुलासा मी ऐकलेला आहे, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. ते म्हणतात की, या पाच बुड्या म्हणजे प्रावीण्याची परीक्षा नसून जाणत्याच्या देखरेखीखाली अनुभव वाढवण्याची सोय आहे. नवशिक्याने एकट्यादुकट्याने धडपडत शिकावे, त्यापेक्षा हे बरे. बरे आहेच, पण देखरेख अभ्यासक्रमापुरती असते आणि मुभा जन्मभराची. फ्रान्सने हा भेद कायद्यातच नोंदवला आहे. तेथे दुसऱ्या पायरीच्या पाणबुड्याला मार्गदर्शकासोबत ४० मीटरपर्यंत जाता येते. मात्र स्वतंत्रपणे, म्हणजे आपल्या बरोबरीच्यांसह, केवळ २० मीटरपर्यंतच. ब्रिटनमध्ये १९५३ साली स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब’चा पहिला दाखला २० मीटरांचा आणि दुसरा ३५ मीटरांचा, पण तो ३५ चा पल्ला दाखल्यासरशी एकदम खुला होत नाही, तो टप्प्याटप्प्याने अनुभव घेत गाठावा लागतो. क्लबातल्या या रीतीत वेळ मोडतो हे खरे, आणि सात दिवसांची सुटी घेऊन अंदमानला निघालेल्या माणसाला ती रुचणार नाही हेही खरे.

बहुतेक देशांत मात्र या मर्यादा केवळ शिफारशीच्या स्वरूपाच्या आहेत. मोडणाऱ्यास दंड नाही. फार तर विम्याची कंपनी भरपाई नाकारील. अंमलबजावणी करायची ती नावेवर बसवणाऱ्या केंद्राने, आणि त्या केंद्राचा चरितार्थ तर गिऱ्हाइकाच्या समाधानावर चालतो.

मराठी माणसाचा या विद्येशी पहिला परिचय बहुधा मालवणात होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पोहता न येणाऱ्यासही पाठीवर टाकी बांधून, त्याला हाताशी धरून, काही मिनिटे उथळ पाण्यात मासे दाखवून आणतात. याला मी नावे ठेवणार नाही. वाटाड्या जाणता असेल आणि दम्याचा किंवा हृदयविकाराचा प्रश्न उतरण्यापूर्वी खरोखर विचारला जात असेल, तर त्या खोलीवर पूर्वअटींचा बडेजाव अनाठायी ठरेल. केवळ तेथे काढलेली छायाचित्रे पाहून घरच्यांनी पाणबुडा म्हणून गौरवलेल्या माणसाने पुढच्या वर्षी गोव्याच्या बुडालेल्या जहाजापाशी जाण्याचा हट्ट धरू नये, इतकेच.

खरी कसोटी पुढे आहे, आणि ती विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँकेवर लागेल. या बुडालेल्या प्रवाळ-पठाराचा सर्वांत उथळ भागही सुमारे वीस मीटर पाण्याखाली आहे. म्हणजे पहिल्या दाखल्याचा अठरा मीटरांचा अधिकार जेथे संपतो, त्याच्याही खाली तेथील बघण्याजोगे सारे सुरू होते. भोवती उघडा समुद्र, किनारा कित्येक तासांच्या अंतरावर आणि नत्रवायूच्या बाधेवर उपचार करणारा दाबकक्ष त्याहूनही दूर. पर्यटनाच्या नावाखाली तेथे उद्या नावा जाऊ लागल्या, तर नऊ बुड्यांचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाखला नियमाप्रमाणे पुरेसा ठरेल, आणि तोच पुरेसा मानण्याचा मोह आयोजकांना होईल. पठार राज्याच्या सागरी हद्दीबाहेर, केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते. पण नावा सुटतील त्या आपल्याच बंदरांतून. तेव्हा अशा सफरीला परवाना देतानाच एक अट घालावी: प्रत्येक उतारूच्या नोंदवहीत किमान पंचवीस बुड्या असाव्यात, त्यांपैकी पाच तरी वीस मीटरांपलीकडच्या, आणि शेवटची बुडी गेल्या सहा महिन्यांतली. पंचवीस हा आकडा माझ्या तारतम्याचा आहे. जाणकारांनी तीस म्हटले तरी माझी हरकत नाही. यामुळे गिऱ्हाइके घटतील, अशी तक्रार येईल. ती घटतील खरी, आणि उरलेल्यांना तारकर्लीत आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी आणखी काही दिवस सराव करावा लागेल, ज्याचे पैसे शेवटी याच व्यवसायाला मिळतील.